करकरासुराचे चार दात

सुध्या,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत माझ्या शेजारी तुझ्या कंपनीतला एक गृहस्थ बसला होता. त्याने भाताचा केवढा तरी डोंगर केला, त्यात वरणासाठी खड्डा खणला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माणूस सोन्यासारखा हो. फक्त त्या म्हाताऱ्याच्या दातांचं तेवढं त्यानं करायला नको होतं." चार-पाच माना हलल्या. तुझी आई दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

आणि मी? पवईच्या तलावात मगर पाहिली एवढंच सांगायला बसलो, तर उठेपर्यंत त्या मगरीचं लग्न लावून तिची दोन पिल्लं शाळेत घालणारा मी. त्या पंगतीत मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दात काढायला सुध्याने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. झालं. एवढंच.

मी लाडू मागितला.

नऊ वर्षं माझी ही गोष्ट तुझ्या नावावर फिरते आहे. तू होतास तोवर मला वाटायचं, सांगू कधीतरी, पळून थोडीच चाललीय. तू असा मध्येच उठून जाशील हे ध्यानीमनी नव्हतं. म्हणून आता लिहितोय. वाचणाऱ्यांत तुला न ओळखणारेही असतील, तेव्हा तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगावं लागेल. जांभया देऊ नकोस.

मुलुंडातलं आपलं वाचनालय पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. कुठलंही पुस्तक झटकलं की दोन भाकऱ्यांचं पीठ पडायचं. टीव्ही मुंबईत यायला अजून सहा-सात वर्षं होती, त्यामुळे संध्याकाळी अर्धं मुलुंड त्या माडीवर शिंकत बसलेलं असायचं. तिथे कोपऱ्यातल्या फळीवर 'झोपाळपूर'चे पाच भाग होते. लेखक कोण ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण जिथे त्याचं नाव छापलेलं होतं नेमकं तिथेच आमच्या ग्रंथपाल लेलेबाईंनी वाचनालयाचं लेबल चिकटवलं होतं. पाचही भागांवर. बाई कामाला पक्क्या.

झोपाळपूरचा राजा निद्रसेन दरबारात झोपायचा आणि राज्य त्याच्या घोरण्यावरून चालायचं. खालच्या पट्टीत घोरला की तह, वरच्या पट्टीत घोरला की युद्ध. तिथली चेटकीण बयजा फार जबरी, पण तिचा मंत्र तीन दिवस उशिरा लागायचा. शत्रूला बेडूक करायला जावं, तर तोवर शत्रू उठून गेलेला आणि त्याच्या पाटावर येऊन बसलेला तिचाच जावई बेडूक. एक उडती बाज होती, तिला उंचावर गेलं की घेरी यायची. आणि करकरासुर. माणसं करकर चावून खाणारा, तिन्ही लोकांत दरारा असलेला राक्षस. म्हातारपणी त्याचे सगळे दात पडलेले आणि आता तो माणसं पकडायचा ती फक्त गुरगुट्या भात शिजवून घ्यायला.

याच्यावर सिनेमा निघाला पाहिजे असं ही पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं. आणि त्यात कोणी कोणाचं काम करावं, याची यादी जो तो पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. पुढचा वाचक ती खोडून आपली लिहायचा. ही आपल्या वाचनालयाची खाजगी रीत. 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी होती, तिच्या बरोबर खाली बसून लोक लिहायचे.

मीही लिहिली होती. राजाला त्या वेळचा हिंदीतला सगळ्यात देखणा नट, चेटकिणीला सगळ्यात देखणी नटी. आठ दिवसांनी बघतो, तर माझी अख्खी यादी पट्टी लावून खोडलेली, आणि खाली मुंगीच्या पायांसारख्या बारीक, सरळ अक्षरात: 'राजा पाचही भाग झोपलेला आहे. त्याला नाच येऊन उपयोग काय? घोरतो कसा ते बघा.' मी खाली लिहिलं, 'आपण कोण टिकोजीराव?' उत्तर दुसऱ्या भागाच्या पाठीमागे आलं. 'वाचक. आपण प्रेक्षक दिसता.'

असं दीड महिना चाललं. शेवटी मी कपाटामागे दबा धरून बसलो. लोकांना सांगताना मी दोन दिवस बसलो होतो असं सांगतो, तुला खरं सांगतो, पाऊण तास. कानावर पेन्सिल, खिशात सहा इंची पट्टी, असा एक हडकुळा उंच प्राणी आला, त्याने तिसरा भाग काढला आणि उभ्या उभ्या माझी यादी खोडायला लागला. मी मागून त्याचा हात धरला. तू दचकला नाहीस. मला वरून खाली पाहिलंस आणि म्हणालास, "तुम्हीच काय ते नाचऱ्या राजाचे?"

भांडुपच्या कंपनीत तू ट्रेसर होतास. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पातळ कागद ठेवायचा आणि त्यांच्याच रेघा पुन्हा ओढायच्या. दिवसभर दुसऱ्याची रेघ इकडची तिकडे होऊ न देणारा माणूस, आणि संध्याकाळी माझ्यासारख्या वळणं घेत बोलणाऱ्याशी त्याची गाठ. पंधरा मिनिटांत अहो-जाहो संपलं. अर्ध्या तासात भांडण सुरू झालं.

"नटनट्या बाद," तू म्हणालास.

"का बाद?"

"पडद्यावर नट दिसला की लोक नट बघतात. मला राक्षस बघायचाय."

"मग घ्यायचं कोणाला? राक्षस कुठून आणू, यार?"

"आहे की इथेच कुठेतरी. ज्याला माहीत नाही आपण राक्षस आहोत, तो शोधायचा."

मग रविवारचे आपले दौरे सुरू झाले. तुझी निवडायची पद्धत जगावेगळी. चेहऱ्याकडे बघायचाच नाहीस. राजा तू मानेवरून निवडलास. बोरिवलीच्या पोस्टातला कारकून दुपारी खुर्चीत झोपला होता आणि त्याची मान कुठेही टेकलेली नसताना सरळ होती. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की अजून दुखतो. "मुकुट पडणार नाही, विन्या. बघ." उडत्या बाजेचं काम आपण घाटकोपरहून पवईला जाणाऱ्या बसला दिलं. चढावर तिला जी घेरी यायची, तशी कुठल्याच बाजेला आली नसती.

बयजावरून मात्र आपलं कायमचं बिनसलं. माझं म्हणणं, मुलुंडच्या बाजारातली कोळीण. तिने सोमवारी मला "तुजं प्वाट जाल" म्हणून सुनावलं होतं आणि गुरुवारी पोटाने माझी वाट लावली. तीन दिवस मोजून. याहून मोठी चाचणी कोणती? तुझं म्हणणं, अंधेरीच्या शाळेतल्या एक बाई, ज्या फाटकाशी उभ्या राहून वह्या तपासायच्या. "त्या मंत्र तीनदा तपासून मगच सोडतील, म्हणून उशीर." मी म्हटलं, चेटकीण आहे की हेडमास्तरीण! यावर आपण दोन वर्षं भांडलो. आता तू असा निघून गेलास त्याच्या रागातसुद्धा मला पटायला लागलंय. तपासूनच सोडत असेल ती. हे तुझ्यासमोर कबूल केलं असतं तर तू काय माजला असतास!

एकदा मी विचारलं, "सगळ्यांना कामं दिलीस. मी कोण?"

"तू निर्माता."

"त्यात काम काय?"

"मोटारीतून फिरायचं आणि थापा मारायच्या."

खूप हसलो आपण. मी नंतर कित्येकदा त्या वाक्याच्या आडोशाला लपलो. म्हटलं, सुध्यानेच तर मला निर्माता केलं होतं, मग पुढे मी 'एक निर्माता आहे' म्हणून सांगितलं त्यात संपूर्ण खोटं काय? हे मी मनाशी शंभरदा म्हटलं. एकदाही पटलं नाही.

आबा तुला भांडुपच्या एका कारखान्याच्या फाटकावर सापडले. वॉचमन. साठीचे असतील. मालवणकडचे, बायको गेल्यावर मुलुंडला लेकीकडे राहत होते. ते चणे खात होते, म्हणजे चण्यांशी लढत होते, आणि तू बघत राहिलास. त्या दिवशी त्यांना काही न सांगता आपण परत आलो आणि तू तिसऱ्या भागाच्या पाठीमागे, कोणाचंही नाव न खोडता, मधोमध लिहिलंस: 'करकरासुर – आबा.' इतकं ठाम तू कधी काही लिहिलं नव्हतंस.

नंतर ओळख झाली तेव्हा कळलं, ते तरुणपणी गावच्या दशावतारात राक्षस करायचे. "सात वर्सा राक्षस केलंय मी," ते म्हणाले. "माझी एन्ट्री झाली काय बायलमाणसा पोरांचे डोळे झाकीत." त्यांना वाचता येत नव्हतं. तू त्यांना फाटकावरच्या बाकावर करकरासुराचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलंस आणि ते हसता हसता बाकावरून खाली आले. मग रोज ड्यूटी संपली की वाचनालयाच्या जिन्याखाली येऊन तुझी वाट बघायचे.

आता ते दातांचं येतं.

एका संध्याकाळी तुला कंपनीत उशीर झाला होता. जिन्याखालच्या बाकावर आबा आणि मी, दोघेच. त्यांनी विचारलं, "झिला, ह्यो सिनेमा खराच निघतलो काय रे?"

सुध्या, माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशी तिला पंख फुटले. मी म्हटलं, "निघतलो? आबा, निघाला!" अंधेरीच्या स्टुडिओतला एक निर्माता परवा वाचनालयात येऊन गेला. क्रीम रंगाची मोटार. पुस्तक वाचून इतका हसला की लेलेबाईंची खुर्ची मोडली. मागची यादी त्याने पाहिली, सगळी नावं सोडून बोट ठेवलं ते करकरासुरावर. म्हणाला, हाच पाहिजे. आबांनी श्वास रोखून धरला होता. आणि एवढ्या सरळ गोष्टीला एखादी अडचण असावी, तिच्याशिवाय रंगत नाही, म्हणून, केवळ म्हणून, मी म्हटलं, "फक्त म्हणाले, राक्षस बोळका हवा. हसला आणि दात दिसले तर पडद्यावर सगळंच फुकट."

आबांनी ओठ मिटले. आतून जीभ फिरवली. गालातून ती फिरताना दिसली मला. एक, दोन, तीन, चार. मी पाहिलं ते. आणि पाहूनही मी पुढे मोटारीचे दिवे कसे होते ते सांगत बसलो.

चार होते. वरचे दोन, खालचे दोन. पिवळे, लांब, पण घट्ट. मी या लिखाणात बाकी काहीही वाढवून सांगितलं असेल. हा आकडा वाढवलेला नाही.

माझाही मंत्र तीन दिवसांनी लागला. ते जिन्याखाली आले ते गालाला फडकं बांधून. तू होतास, मी होतो. फडकं सोडून हसले. "बघ आता. दिसतत काय? रस्त्यावरच्या त्या दातवाल्याकडसून काढून इलंय. एका बैठकीत." तोंडाच्या कोपऱ्यातून रक्त येत होतं आणि डोळे दिवाळीसारखे. तू आधी त्यांच्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. तेवढ्यावरून तुला सगळं कळलं. तू एवढंच म्हणालास, "आबा, चला, डॉक्टरकडे जाऊ."

तोंड पिकलं, ताप चढला. पंधरा दिवस ते कामावर गेले नाहीत. कारखान्याने दुसरा वॉचमन ठेवला. सोळाव्या दिवशी त्यांची मुलगी कुसुमताई वाचनालयाचा जिना चढून वर आली. बापाकडून तिला इतकंच कळलं होतं की पुस्तकात त्यांचं नाव लिहिलंय. कोणी काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तिने तिसरा भाग मागून घेतला, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर आपटलं. पीठ उडालं.

"हे कोणाचं अक्षर?"

लेलेबाईंना सगळ्या सभासदांची अक्षरं ओळखू यायची. त्यांना बोलावं लागलंच नाही. तू पुढे झालास. "माझं."

"माझ्या बापाला दात काढायला तूच सांगितलंस?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मी बोललो असतो, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगतोय. तू त्या पानाकडे बघत होतास.

"हो," तू म्हणालास.

तिने तुला चपराक मारली नाही. त्यापेक्षा वाईट केलं. हात जोडले आणि म्हणाली, "बाबा रे, तुझ्या घरी म्हातारं माणूस नाही का?" मी मासिकांच्या टेबलापाशी उभा होतो. माझ्या हातात कुठलं मासिक होतं ते विचारलं तरी सांगता यायचं नाही.

लेलेबाईंनी तुझं सभासदत्व काढून घेतलं आणि पाचही भागांच्या शेवटच्या पानांवर खाकी कागद चिकटवला. पोस्टातला राजा, कोळीण, अंधेरीच्या बाई, सगळे त्याखाली गेले.

तू पुढच्याच रविवारी आबांच्या चाळीत गेलास. कुसुमताईंनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तू पायरीवर बसलास. आबा बाहेर आले. तू पुस्तक उघडलंस आणि वाचायला लागलास. ते पुस्तक माझ्या कार्डावर आणलेलं होतं. एवढीच माझी कामगिरी, मी नऊ वर्षं तुला पुस्तकं काढून दिली. पाच भाग संपले की पुन्हा पहिला.

मी पायरीपाशी तसा क्वचितच यायचो. आलो की आबा तू वाचत असताना माझ्याकडे झुकून हळूच विचारायचे, "काय रे, पत्र इला काय निर्मात्याचा?" मी म्हणायचो, "वाटेत आहे, आबा." एकदा म्हटलं, परदेशी गेलेत शूटिंगला. एकदा म्हटलं, आजारी आहेत. दरवेळी नवीन. ऐकून आबा मान हलवायचे आणि पुन्हा तुझ्याकडे वळायचे.

पण त्या पायरीवर आबांनी जो करकरासुर उभा केला! तू वाचायचास आणि राक्षसाची वाक्यं आली की थांबायचास. आबांना ती पाठ झाली होती. आवाज पोटातून यायचा आणि दात नसल्यामुळे ओठांशी येऊन मऊ पडायचा. दरारा निघायचा घरून आणि दारात येऊन लाजायचा. चाळीतली माणसं गॅलरीत गर्दी करायची. "भात! मऊ! नाहीतर तुझं राज्य गिळीन!" असं त्यांनी म्हटलं आणि समोरच्या बिऱ्हाडातून खरोखर एक बाई ताटली घेऊन आली. हे मी वाढवून सांगत नाही, तूही होतास. तू पुस्तकात बोट ठेवून माझ्याकडे पाहिलंस आणि ओठातल्या ओठात म्हणालास, "निवड चुकली नव्हती." तुझा चेहरा त्या वेळी पांढराफटक होता. इतकं सुंदर काम आणि इतकी वाईट वेळ मी पुन्हा पाहिली नाही.

पवईच्या बंधाऱ्यावर आपण एकदा बसलो होतो. तुझी ट्रेसिंगची नोकरी पक्की झाली होती, मी पेढे आणले होते. मी सुरुवात केली, "सुध्या, त्या दिवशी वाचनालयात—"

"निवड माझी होती," तू मध्येच म्हणालास.

"पण दात—"

"विन्या, नाव मी लिहिलं. लिहिलं नसतं तर तू त्यांना ओळखलंही नसतंस. निवड माझी होती म्हटलं ना."

आणि मी, सुध्या, सुटकेचा श्वास टाकला. तुझं बोलणं मला बरोबर वाटलं म्हणून नाही, सोयीचं वाटलं म्हणून. त्यावर भांडायला हवं होतं. बयजावरून दोन वर्षं भांडणारा मी, यावर दोन मिनिटं भांडलो नाही. आज भांडतो. तुझी निवड अचूक होती. तू एका माणसात राक्षस ओळखलास आणि ती ओळख त्याला दिलीस. खोटं बोलून ती रक्ताने माखली मी. तुझ्या रेघेवर माझी रेघ होती, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवण्याची सवय झालेला तू, ती तुझीच म्हणून गिरवत राहिलास. तुझं चुकलं, सुध्या. तू मला वाचवलंस आणि त्यामुळे मी वाचलो नाही.

लाडू खाऊन मी तुझ्या घरून निघालो तो सरळ आबांच्या चाळीत गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो नाही. दोन रविवार गेले. परवा तिसऱ्या रविवारी गेलो.

आबा पायरीवर बसले होते, तुझ्या वेळेला. आता सत्तरीला टेकलेत. मला बघून ते काही विचारायच्या आत मी म्हटलं, "आबा, निर्माता कोणी नव्हता. मोटार नव्हती. मी खोटं बोललो होतो."

"ठावक आसा माका."

"कधीपासून?"

"सुध्यान पयल्याच आयतवारी सांगल्यान. तुझा नाव घेऊचा नाय म्हणान शपथ घातल्यान."

मी खाली बसलो. "मग तुम्ही दरवेळी पत्राचं का विचारायचात?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "आज तरी खरा सांगशीत म्हणान," ते म्हणाले. मग अंगठ्याने मागे दाराकडे दाखवलं. "माका कित्याक सांगतंस? माका काय करूचा आसा? भितर जा. तिका सांग."

कुसुमताई ओट्यापाशी उभ्या होत्या. केस पांढरे झालेत. मी दारातच म्हणालो, "दात काढायला सुध्याने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "परत बोला."

परत बोललो. निर्मात्याचं, मोटारीचं, सगळं. कुठेही काही न वाढवता. माझ्या तोंडून गोष्ट इतकी छोटी कधी निघाली नव्हती.

"मग तो 'हो' का म्हणाला?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही तिथे होता?"

"होतो. मासिकांच्या टेबलाशी. तुमच्या डाव्या हाताला."

त्या खिडकीकडे वळल्या. खिडकीतून त्यांना बापाची पाठ दिसत होती आणि शेजारची मोकळी जागा.

"दर रविवारी मी बाबांना बाहेर चहा पाठवायचे," त्या म्हणाल्या. "एक कप. एकदा इथून बघितलं तर बाबा अर्धा बशीत ओतून त्याला देत होते. त्या दिवसापासून मी कप अर्धाच भरायला लागले."

त्यांनी फळीवरचा एक कप उचलला आणि बोटाने मध्यावर खूण दाखवली.

"अर्धाच. तरी बाबा त्यातलाही निम्मा ओतायचे. मी बघायचे इथून. तो एका घोटात संपवायचा, बशी पुसून ठेवायचा आणि पुस्तक उघडायचा. एकदा वर बघितलं त्याने. मी पडदा ओढला."

मी म्हणालो की तुझ्या आईला त्याच संध्याकाळी जाऊन हे सगळं सांगणार आहे. त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर." मग त्यांनी स्टोव्ह पेटवला. मी निघतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "बसा." आवाजात आग्रह नव्हता.

चहा झाला. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि ओतायला लागल्या. भरला तरी त्या ओतत राहिल्या, अगदी कडेला येऊन थरथरेपर्यंत. मग भांडं बाजूला केलं.

"प्या."

उचलला असता तर सांडला असता. मी दोन्ही हात टेकवून, मान खाली घालून, कपाला तोंड लावून पहिला घोट घेतला. त्या समोर उभ्या होत्या. बाहेर पायरीवर आबा खाकरले. सुध्या, मी तो सगळा प्यायलो.